आतोबांचा थेंब

झाशी शहरात ज्या ज्या गाडीत आज माणसं कोरड्या पायांनी बसलेली आहेत, त्या त्या गाडीखाली कधी ना कधी आमचे आतोबा आडवे झालेले आहेत, हे मी छातीठोकपणे सांगतो. यात अतिशयोक्ती आहे असं कोणाला वाटेल, आतोबांना विचारलंत तर ते म्हणतील, "जरा कमीच सांगितलंस." आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. हा शब्द तिकडे महाराष्ट्रात आता फारसा कानावर पडत नाही म्हणे. आमचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर इकडे आले ते असले शब्द गाठोड्यात बांधूनच. तलवारी कुठे गेल्या ते कोणाला ठाऊक नाही, शब्द मात्र उरले. आतोबा स्वतः त्या मानाने कालचे. ते मूळचे भुसावळचे. रेल्वेच्या ए.सी. डब्यांच्या दुरुस्तीखात्यात नोकरी लागली म्हणून बाविसाव्या वर्षी झाशीला आले, माझ्या आत्याशी लग्न केलं आणि प्रेम नगर वस्तीचे झाले. आम्ही घरात आतोबा म्हणतो हे ऐकून गल्लीने तेच त्यांचं नाव धरलं आणि पुढे 'जी' जोडून दिलं. सीपरी बाजारातल्या मेकॅनिकांपासून सिविल लाइंसमधल्या साहेबांच्या ड्रायव्हरांपर्यंत सगळे त्यांना आतोबाजी म्हणतात, आणि त्यांचं खरं नाव त्यातल्या एकालाही सांगता येणार नाही.

निवृत्त झाल्यावर कोणी देवधर्माला लागतं, कोणी सकाळी फिरायला जाऊन लोकांना रक्तदाबावर सल्ले देतं. आतोबांनी गाडीच्या ए.सी.तून पायांवर गळणारं पाणी हा विषय घेतला. फक्त तेवढाच. कोणी गार हवा येत नाही अशी तक्रार घेऊन आलं तर ते हात जोडून त्याला वाटेला लावत. त्यांचं म्हणणं साधं होतं. ए.सी. हवेतली ओल पिळून काढतो, ते पाणी डॅशबोर्डच्या पोटात जमतं आणि बोटभर जाडीच्या रबरी नळीतून गाडीखाली रस्त्यावर पडतं. नळी तुंबली की तेच पाणी उलटं फिरून शेजारी बसलेल्याच्या चपला भिजवतं. "पाणी कुठून आलं हे काय विचारतोस? त्याला कुठं जायचं होतं ते विचार," असं ते मला बजावत. मे महिन्यात त्यांना काम नसे, कारण आमच्याकडची मे महिन्यातली हवा इतकी वाळलेली असते की ए.सी.ला पिळायला काही मिळतच नाही. त्यांचा हंगाम श्रावण-भाद्रपदाचा, उमस होऊन अंगाला सदरा चिकटू लागला की सुरू होणारा. एकदा सिविल लाइंसमधले एक वकील नवी कोरी गाडी घेऊन घाबरेघुबरे आले. गाडीखाली पाणी ठिबकतंय, कंपनीने फसवलं, दावा ठोकतो वगैरे. आतोबांनी आत जाऊन गुळाचा खडा आणला आणि वकिलांच्या हातावर ठेवला. "बधाई हो वकीलसाहब. गाड़ी पसीना बाहर निकाल रही है, तबियत एकदम दुरुस्त है. जिस दिन ये टपकना बंद हो, उस दिन आइए." वकील गूळ खात परत गेले.

खरोखर गळणारी गाडी आली की मात्र आतोबांचा चेहरा बदलत असे. "आतोबाजी, गाड़ी में तो पूरो तला भरो है," असं गाडीत तळं साचल्याचं गाऱ्हाणं घेऊन एखादा टॅक्सीवाला आला, की ते आधी त्याला चहा देत आणि स्वतः पायपुसण्याखालचं पाणी दोन बोटांत चोळून बघत. चिकट लागलं तर इंजिनाचं, ते आपलं नव्हे; स्वच्छ लागलं तर आपलं. मग चष्मा काढून खिडकीत ठेवायचा, कारण गाडीखाली गेलं की चष्म्यावर चिखल पडतो, आणि पोतं अंथरून आत सरकायचं. नळीत तार घालणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून राग. तार आत कुठे टोचेल याचा नेम नाही, आणि टोचली की गाडीचं काळीज फुटलं, असं ते म्हणत. त्यांचं हत्यार एकच, सायकलचा हातपंप. त्याला आत्याने जुन्या परकराची खोळ शिवून दिलेली होती. पंपाला पातळ नळी जोडून चार हलके दट्टे मारायचे, मग थांबायचं, मग आणखी चार. नळीतून जे निघे ते वाया जात नसे. कडुनिंबाचा वाळका मोहर, केसांचे पुंजके, एकदा तर कुंभारीण माशीने बांधलेलं मातीचं आख्खं घर. हे सगळं बाटल्यांत भरून, वर गाडीचा नंबर लिहून, त्यांनी देवघरालगतच्या फळीवर मांडलेलं होतं. आत्याची लोणची त्या फळीवरून कधीच हद्दपार झाली होती.

आणि एवढं झाल्यावरही काम झालं असं ते मानत नसत. मालकाने अनवाणी होऊन डाव्या बाजूला बसायचं, पायांखाली वर्तमानपत्राचा कागद, आणि गाडी बरुआसागरपर्यंत नेऊन परत आणायची. कागद कोरडा राहिला तर काम पक्कं. झाशीच्या झाशीत चार फेऱ्या मारून का चालत नाही, असं मी एकदा विचारलं. "शहरात गाडी खोटं बोलते," ते म्हणाले. बरुआसागरला तळ्याकाठी पाच मिनिटं थांबून ते ताजं आलं विकत घेत, म्हणून आत्याच्या घरी बारा महिने आल्याचा ढीग. हातात पाव किलो आलं असलेले आतोबा गाडीतून उतरताना दिसले की गल्ली समजून जाई, आणखी एक गाडी कोरडी झाली.

पण त्यांची खरी विद्या कानात होती. नळी मोकळी झाली की ते डब्याचं पत्र्याचं झाकण उपडं करून खाली ठेवत, डोळे मिटत आणि पहिला थेंब वाजायची वाट बघत. टण. मग दुसरा, तिसरा. दोन थेंबांमधला वेळ ऐकून ते सांगत की नळी पूर्ण मोकळी झाली की अजून आत काही अडकलंय. मी समोर उभा राहून त्यांचा निकाल खोटा पडण्याची पुष्कळ वाट पाहिली. तो योग काही आला नाही.

आला तो वेगळाच. तीन वर्षांपूर्वी एका जीपखालून ते म्हणाले, "पडला का रे?" झाकण तर मघापासून टणटण वाजत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता. मी खाली वाकलो, तर ते माझ्या ओठांकडे बघत होते. आतोबांना ऐकू येईनासं झालं होतं. घरात हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण आत्याच्या प्रत्येक वाक्याला 'हो' म्हणायची त्यांची सवय चाळीस वर्षांची. ऐकून म्हणतात की न ऐकता, हे कसं कळणार? आत्याला मात्र कळलेलं होतं. माझ्या आधी कितीतरी. पण तिनेही तोंड मिटून ठेवलं होतं, आणि त्याला कारण होतं.

कारण म्हणजे नंदा. त्यांची एकुलती एक मुलगी, भोपाळला असते. बापलेकीत एक करार झालेला होता. दोघांनी झाशीत खुशाल राहावं. पण डोळा, कान, गुडघा, काहीही एक गेलं की घराला कुलूप लावून भोपाळला यायचं. आतोबांनी शब्द दिला होता. आणि झाशी सोडायची नाही यावर नवराबायकोचं आयुष्यात एकदाच एकमत झालं होतं. मग आम्ही तिघांनी मिळून कट केला. मी बँकेतून सुटलो की त्यांच्याकडे जायचो, ते गाडीखाली, त्यांचे पाय बाहेर. थेंब वाजला की मी त्यांच्या उजव्या अंगठ्याला चिमटा काढायचो. दोन थेंबांमधला वेळ ते चिमट्यांवरून मोजत, आणि निकाल पूर्वीसारखाच बिनचूक. सांगायला लाज वाटते, पण बँकेतल्या कुठल्याही कामापेक्षा मला त्या चिमट्यांचा अभिमान जास्त होता.

मागच्या भाद्रपदात नंदा गणपतीला आली ती स्वतः गाडी चालवत, आणि गाडीत वाटेपासूनच पाणी. भोपाळच्या कुठल्याशा वर्कशॉपने सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल असं तिला सांगून ठेवलेलं. आतोबांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या साठीलाही पाहिला नव्हता. पोरीच्या गाडीला आपल्याशिवाय इलाज नाही! दुर्वा कमी पडल्या म्हणून आत्याने मला बाजारात पिटाळलं होतं. मी येईपर्यंत थांबा, असं मी त्यांना खुणेने दोनदा सांगितलं. त्यांनी 'हो' म्हटलं. त्यांच्या 'हो'वर मी विश्वास ठेवला, ही माझीच चूक.

दुर्वांची जुडी घेऊन परतलो तेव्हा गाडी सुरू होती आणि नंदा स्टिअरिंगपाशी बसून हाका मारत होती, "बाबा, झालं का? बाबा, बंद करू?" उत्तर नाही. ती घाबरून उतरली आणि खाली वाकली. मीही वाकलो. पंप बाजूला पडलेला, नळीतून निघालेला चिखल पोत्यावर, म्हणजे काम झालेलं होतं. झाकणावर थेंब पडत होते, गल्लीच्या टोकाला ऐकू जातील असे. आणि त्याच्यापासून वीतभर अलीकडे आतोबा हाताचा तळवा पसरून, डोळे मिटून, पहिल्या थेंबाची वाट बघत पडले होते. चष्मा खिडकीत होता. या गाडीची नळी त्यांच्या अंदाजापेक्षा जरा पलीकडे होती, एवढंच.

नंदा नवी साडी नेसलेली होती, तशीच गुडघ्यांवर बसली, आत हात घातला, वडिलांचं मनगट धरलं आणि तळवा वीतभर सरकवला. थेंब हातावर पडला. आतोबांनी डोळे उघडले. "पडला की!" असं आनंदाने म्हणाले, आणि मग हात कोणाचा आहे ते त्यांना दिसलं.

मी सारवासारव करायला तोंड उघडलं होतं. आत्याही दारातून काहीतरी म्हणत होती. आतोबा गाडीखालून बाहेर आले, चष्मा लावला आणि म्हणाले, "राहू दे. नंदे, मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

"मला का नाही सांगितलंत, बाबा?"

त्यांनी ते तिच्या ओठांवरून वाचलं असावं. "जायचं नव्हतं म्हणून."

नंदाचे डोळे भरून आले. "मग राहा ना. मी काय ओढून नेतेय तुम्हांला?"

"नाही गं. शब्द दिलाय. आणि ज्याला थेंब ऐकू येत नाही त्याने गाडीखाली जाऊ नये. आज तू गाडी पुढे घेतली असतीस तर?" इतकं बोलून ते पंपाला खोळ घालू लागले. खोळीची नाडी त्यांना बांधता येईना. मग ती मी बांधली.

गौरीविसर्जन झाल्यावर आतोबा आणि आत्या नंदाच्या गाडीतून भोपाळला गेले. जाण्याआधी त्यांनी लेकीला बरुआसागरची फेरी मारायला लावली, अनवाणी, कागदासकट. कागद कोरडा होता. आलं त्यांनी माझ्या हातात दिलं. बाटल्या आणि पंप आता माझ्या घरी आहेत, आणि माझ्या बायकोच्या लोणच्यांचं पुढे काय झालं हे सांगायला नको.

भोपाळला त्यांच्या कानात मशीन बसवलंय. समोरच्याचं मोठ्याने बोललेलं कळतं, बारीकसारीक काही नाही, असं आत्या सांगते. लोक अजून त्यांच्या इथल्या दाराशी गाड्या आणून उभ्या करतात आणि मी त्यांना भोपाळचं सांगितलं की गुपचूप वळवून नेतात. मी पंप मारून बघतो कधी कधी, जमतं बरंचसं. पण दोन थेंबांच्या मधलं मला काही कळत नाही.

परवा त्यांचा फोन आला. मी माझ्याच गाडीच्या नळीशी झटत होतो. "उमस सुरू झाली असेल ना तिकडे? पाणी पडतंय? ऐकव बघू," ते म्हणाले. मी गल्लीत, भर दुपारी, पोत्यावर पालथा झालो आणि फोन झाकणाजवळ धरला. गाडी नुकतीच सुरू केली होती. नळी अजून कोरडी होती. थांबा म्हणून सांगणार, तेवढ्यात भोपाळहून आवाज आला, "हं, पडला. ऐकला मी. छान पडतोय रे."

"हो आतोबा," मी ओरडून म्हणालो, "छान पडतोय."

फोन ठेवल्यावरही मी तिथेच पडून राहिलो. थेंब अजून पडायचा होता.