हिल्डाच्या हिरवळीची कडा

हिल्डा पिकर्सगिलचा माझ्यावर फार विश्वास, असं आमच्या इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या गल्लीत सगळे म्हणतात. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असते ना! पण तिच्या पाठीमागे मी ती वापरली का, हे कळावं म्हणून ती दाराआतलं पायपुसणं मुद्दाम तिरकं ठेवून जाते, हे मला पक्कं माहीत आहे.

जन्मभर तिने शाळेच्या भोजनघरात वाढपाचं काम केलं. 'मला पुडिंग मिळालंच नाही' म्हणणाऱ्या पोराची कॉलर ती आधी तपासायची. कस्टर्डचा डाग दिसला की, "जा, लबाडा!" निवृत्त झाली तरी नजर तीच. दूधवाला, पोस्टमन, मी, सगळ्यांच्या कॉलरी तपासून झालेल्या.

नवरा नॉर्मन मात्र सरळ, गप्प माणूस. शनिवारी हिरवळ कापणं हीच त्याची पूजा. दोन उन्हाळ्यांपूर्वी तो गेला, तेही हिरवळ कापता कापता. पुढे हिल्डाचा खुबा मोडला आणि तिने बागेचं रूपच बदललं. खिडकीखालची फुलझाडं काढून खडी पसरली आणि पाणी न मागणारी लॅव्हेंडर लावली. सफरचंदाच्या तोडलेल्या फांद्या कोपऱ्यात रचल्या. मधलं गवत गुडघाभर वाढू दिलं. एक हेजहॉग, मूठभर काट्यांचा गोळा, माझ्या बागेतून तिच्याकडे जाई. त्याच्यासाठी तिने कुंपणाच्या फळीला खाली भोक पाडून घेतलं. मला न विचारता.

"कष्ट कमी आणि त्याला गोगलगायी भरपूर," ती म्हणाली.

पण आमच्याकडे गवत वाढणं साधी गोष्ट नाही. म्हाताऱ्या माणसाचं गवत वाढलं की गल्ली कुजबुजते, मग मुलं येतात आणि मग वृद्धाश्रम. समोरच्या मिस्टर ओल्डरॉइडचं असंच झालं. बिचाऱ्याचं डोकं शाबूत होतं, गवत तेवढं वाढलं होतं.

हिल्डाला हे ठाऊक होतं. म्हणून वाटेलगत आणि कुंपणालगत हातभर रुंद पट्टी कायम न्हाव्याने कापल्यासारखी असे. "कडा नीट असली ना ब्रेन्डा, की आतलं रान लोकांना मुद्दाम ठेवलेलं वाटतं."

पण ती कडा कापत होतं कोण? नॉर्मनच्या गवत कापायच्या यंत्राचा आवाज मला कधीच आला नाही. चोरून कुणी माळी लावलाय, असा माझा संशय. मला न सांगता माळी! मला रागच आला होता.

तिची मुलगी लॉरेन दर रविवारी लीड्सहून यायची. सप्टेंबरातल्या एका रविवारी तिच्याबरोबर टेप घेतलेला एक माणूस आला आणि बाग मोजू लागला.

हिल्डा कुंपणाशी येऊन कुजबुजली, "बघितलंस? प्लास्टिकचं गवत घालणार म्हणे. थापा! घर विकायला काढलंय तिने. मला ओल्डरॉइडच्या शेजारच्या खोलीत नेऊन टाकणार."

"तुझी मुलगी आहे गं ती."

"म्हणूनच ओळखते!"

तेवढ्यात लॉरेन मला बाजूला घेऊन म्हणाली, "खरं सांग, मावशी. आई बाबांचं मशीन चालवते ना? असल्या खुब्याने?"

"मी तरी ऐकलं नाही," मी म्हटलं.

"मग कडा आपोआप कापली जाते? तूही तिलाच सामील!" ती तणतणत अवजारांच्या शेडकडे निघाली. हिल्डा काठी टेकत आडवी आली. "माझ्या शेडला हात लावायचा नाही!" लॉरेनने दार उघडलंच.

यंत्राच्या जागी जमिनीवर तेलाचा डाग होता. त्यावर एक बुटकं स्टूल, आणि खिळ्याला भोजनघरातली जुनी मोठी कात्री. पात्यांना ओलं गवत चिकटलेलं.

"मशीन कुठंय?"

"भंगाराच्या गाडीवाल्याला दिलं. तुझ्या बाबांना पोचवून आले त्याच आठवड्यात," हिल्डा म्हणाली. "सकाळी गल्लीचे पडदे उघडायच्या आत मी बसून कापते. दिसलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, म्हातारीला वेड लागलं."

लॉरेनचा चेहरा पडला. "मी बाबांना उचललं तेव्हा त्यांची मूठ मशीनच्या दांड्यावर होती, आई. सुटत नव्हती. प्लास्टिक घातलं की ते मशीन या घरातून जाईल, एवढंच मला हवं होतं. घर कोण विकतंय?"

हिल्डाने मुलीकडे बघितलं, अगदी कॉलर तपासल्यासारखं. यावेळी डाग सापडला नसावा. मला माझ्या माळ्याच्या संशयाची लाज वाटली.

"त्या प्लास्टिकखाली किडा जगत नाही," हिल्डा म्हणाली. "मग माझ्या हेजहॉगने खायचं काय?"

लॉरेनने टेपवाल्याला परत पाठवलं. मग कात्री काढली, स्टूल उचललं आणि वाटेच्या कडेला जाऊन बसली. नाक ओढत कापू लागली.

हिल्डा तिच्या डोक्यावर उभी. "सरळ काप. आणि जाताना कात्री खिळ्याला लाव, पिशवीत घालू नकोस."

"नाही घालत गं, आई."

"पुढच्या रविवारी तूच कापायचीस," हिल्डा म्हणाली, आणि पहिल्यांदाच पायपुसणं न बघता चहा टाकायला आत गेली.