शिवबाईचा घास

मैंदर्गीची शिवबाई सोलापुरात सूत रंगवायच्या कारखान्यात कामाला होती. पाणी प्यायची ती वरून, तांब्याला ओठ न लावता. दुसऱ्याचा तांब्या उष्टा करायचा नाही ही माहेरची शिस्त, आणि चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याच शिस्तीनं तिचा घात केला. कुणीतरी कॉस्टिक सोड्याचं पाणी तांब्यात काढून ठेवलं होतं. ओठ लावले असते तर जिभेला लागताच थुंकून टाकलं असतं. वरून ओतलेला घोट थेट घशाखाली गेला.

जीव वाचला, पण अन्ननलिका आतून भाजली आणि हळूहळू इतकी आवळली की पाणीही उतरेना. डॉक्टरांनी पोटाला भोक पाडून नळी बसवली. तिच्यातून पेज, दूध, ताक पोटात जाऊ लागलं. बाई वाचली म्हणून नवरा पंचाक्षरी देवाला हात जोडत होता. शिवबाईला मात्र हे जगणंच वाटेना. सासू अक्कम्मा भाकऱ्या थापायला बसली, की ती उठून बाहेर जायची.

डॉक्टर तोंडातून रबरी कांडी घालून तिचा गळा रुंद करत होते, दर खेपेला आधीपेक्षा जाड. एकदा ते स्पष्टच बोलले. कांडी फिरवणं थांबलं तर वाट पुन्हा मिटणार. घरी स्वतःच्या हातानं ही कांडी गिळायला शिकलीस, तरच पोटाची नळी काढतो.

कांडी शिवबाईनं हातात घेतली. ओकाऱ्या आल्या, नाकाडोळ्यांतून पाणी वाहिलं. नर्स म्हणाली, आज राहू दे.

"राहू कशाला? जहर माज्या हातानं पिले, वाट बी मीच मोकळी करनार की."

महिनाभरात तिनं ती विद्या हस्तगत केली. असली जिद्द पैलवानातही क्वचित सापडते, आणि हे मी पैलवानांच्या गावात बसून म्हणतो आहे.

पोटाची नळी निघाली त्या दिवशी अक्कम्मानं भाकरी दुधात कुस्करून पुढं केली. शिवबाईनं ताटली बाजूला सारली, पिठल्याबरोबर भाकरीचा तुकडा घेतला आणि चावत राहिली. घरात बाकी कुणी घास उचलेना. तिच्या गळ्याची घाटी हलली. उतरला.

गल्लीतल्या बाया दाराशी जमल्या होत्या. जेवणाऱ्याला नजर लागते म्हणून पंचाक्षरी दार लोटायला उठला.

"उगडं राहू द्या," शिवबाई म्हणाली. "मी गिळायलेय. बगू दे समद्यांस्नी."

आणि तिनं दुसरा घास मोडला.