डायवरची पांढरी रेघ

विनयकाका सुतवणे लग्नाच्या वेळी स्वतःची पत्रिका तीनदा वाचून आणि तारीख पंचांगाशी ताडून मगच बोहल्यावर चढले, असं संध्याकाकू सांगायच्या. अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी घरांत हा किस्सा पाठ होता आणि तो कुणालाच अतिशयोक्त वाटत नसे. देशी दुकानातून भेंडी आणली तरी काका ती घरच्या काट्यावर पुन्हा ठेवत. "दुकानदार चोर आहे म्हणून नाही," ते म्हणत. "काटा चुकतो. माणूस तर चुकतोच."

हा स्वभाव त्यांना भोसरीने दिला होता. आयटीआय करून ते तिथल्या एका टूलरूममध्ये लागले, पुढे मिशिगनला आले आणि सव्वीस वर्षं गाड्यांच्या दारांचे पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर हत्तीएवढ्या डाय, म्हणजे पोलादी साचे, बसवत राहिले. निवृत्त झाल्यावर हाताला चाळा हवा म्हणून रायफल क्लबात जाऊ लागले. नेमबाजीपेक्षा त्यांचं मन रमलं ते काडतुसं पुन्हा भरण्यात. झाडलेली पितळी पुंगळी दाबाने फुगते. तिला मापात आणायला साइझिंग डाय लागते. ही डाय म्हणजे अंगठ्याहून थोडी जाड अशी पोलादी नळी. कामाच्या बाकावरच्या छोट्या हातप्रेसच्या डोक्यात ती आट्यांवर बसवायची आणि किती आत जाऊ द्यायची ते तिच्या गळ्यातल्या लॉक रिंगने कायम करायचं. एवढंच काम. पण या एवढ्याशा कामात काकांना आपलं अख्खं आयुष्य लहान आकारात परत मिळालं होतं.

त्यांच्याबरोबर शंतनू असे. सांगलीचा, चौतिशीतला, गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनियर. काका-काकूंना मूल नव्हतं आणि शंतनूचे आईवडील सात समुद्रांपलीकडे. गॅरेजच्या दाराचा कोड त्याला ठाऊक होता. काकांच्या लेखी यापेक्षा मोठी पदवी नव्हती.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी दोघं रेंजवर गेले. मेपल पार लालभडक झाले होते, हवेत कोरडा गारवा होता. काकांची रायफल दोघं आळीपाळीने चालवत. पहिली पाळी शंतनूची. काडतूस आत ढकलून रायफल बंद करणारा दांडा, बोल्ट, त्याने पुढे लोटला.

"काका, बोल्ट क्लोज होत नाहीये."

"जोर लावू नकोस. काढ ते. दुसरं घाल."

दुसऱ्याचंही तेच. तिसरं जेमतेम बसलं, तेही कुरकुरत. काकांनी हात वर केला, रायफल रिकामी करून पेटीत ठेवली आणि मंगळवारी भरलेली साठच्या साठ काडतुसं डब्यात घालून घराकडे निघाले. गाडीत शंतनूने एकदा रेडिओ लावला आणि आपणच बंद केला.

दुपारी काका एकटे गॅरेजमध्ये बसले. एकेका कारणाला समोर उभं करून त्यांनी उलटतपासणी घेतली. पुंगळीची एकूण लांबी बरोबर. वंगण कमी पडलं होतं का? नाही, कुठे ओरखडा नव्हता. पुंगळी धरणाऱ्या होल्डरखाली कचरा? स्वच्छ. मग त्यांनी डायमधून काढलेली एक रिकामी पुंगळी काळ्या मार्करने रंगवली, रायफलीत घातली, बोल्ट हलकेच दाबला आणि बाहेर काढून उजेडात धरली. रंग फक्त खांद्यावर खरवडला होता, पुंगळी जिथे मानेकडे निमुळती होते तिथे. मोजलं तर खांदा सहा थाऊ पुढे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. भोसरीत दोन थाऊंसाठी काकांनी अख्खे लॉट परत पाठवले होते.

म्हणजे डाय पुरेशी आत जात नव्हती. काकांनी दिवा जवळ ओढला.

डाय एकदा नीट बसली की ते डायपासून रिंगेपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढत, कुणी काही हलवलं तर कळावं म्हणून. ती रेघ तुटली होती. रिंगेवरचा तुकडा गव्हाच्या दाण्याएवढा बाजूला सरकला होता.

पोलाद आपण होऊन फिरत नाही. त्याला हात लागावा लागतो.

कुणाचा? गॅरेजमध्ये येणारी माणसं तीन. खंडेनवमीला त्यांनी टूलरूमच्या रिवाजाप्रमाणे प्रेसची पूजा केली होती, हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडू ठेवला होता. तेव्हा तर सगळं जिथल्या तिथे होतं. डायला आपण हात लावला नव्हता, हे ते छातीवर हात ठेवून सांगू शकत होते. संध्या पितळेला शिवत नसे. आणि कोजागिरीच्या आदल्या दिवशी मंडळासाठी घडीचं टेबल न्यायला शंतनू आला होता, तेव्हा काका-काकू घरात नव्हते.

एकदा संशय आत आला की तो पाहुण्यासारखा बसत नाही, घरमालकासारखा वावरतो. शंतनू हल्ली नवनव्या पद्धतींचे व्हिडिओ पाठवत असे. "काका, डाय थोडी बॅक-ऑफ करून, बाहेर घेऊन बघू या का?" असं तो ऑगस्टमध्ये म्हणाला होता. तेव्हा काका हसले होते. आता तेच वाक्य त्यांना वेगळ्या आवाजात ऐकू आलं. रेडिओ बंद केला, तोही का? परतताना तो सारखा आरशात का पाहत होता?

रविवारी सकाळी त्यांनी त्याला बोलावून घेतलं. संध्याकाकूंनी पोहे केले होते. ते टेबलावर तसेच राहिले; काका त्याला थेट गॅरेजमध्ये घेऊन गेले.

"ही रेघ बघ," काका म्हणाले.

शंतनू वाकला. त्याने रेघ पाहिली, मग काकांकडे, मग दारात उभ्या असलेल्या काकूंकडे.

"तू एकटा होतास इथे. खरं सांग."

"टेबल नेलं फक्त, काका."

"फक्त टेबल?"

"अहो, काय चाललंय हे?" काकू म्हणाल्या. "तो काय चोर आहे का?"

"चोर परवडला. चोर नेतो, बिघडवून ठेवत नाही. बोल्ट मिटला नाही म्हणून निभावलं. उद्या चूक उलट्या बाजूला झाली तर? डोळा जाईल कुणाचा तरी. ज्याचा हात असा न सांगता लागतो, त्याला मी या बाकाजवळ उभा करणार नाही. कोड बदलतोय मी आजच."

शंतनूचा चेहरा उतरला. त्याने प्रेसच्या दांड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "असेल काका. लागला असेल माझा हात. सॉरी."

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण इतकी वर्षं माल तपासलेल्या माणसाला लगेच मिळालेला कबुलीजबाब खोट्या नाण्यासारखा वाजतो.

"कसा लागला?"

"म्हणजे… जरा फिरवून बघितली."

"आत की बाहेर?"

"आत. घट्ट केली थोडी."

"आत गेली असती तर पुंगळीचा खांदा मागे बसला असता," काका सावकाश म्हणाले. "हा पुढे आलाय. तू डायला हातच लावलेला नाहीस. खोटं बोलतोयस. का?"

बाहेर शेजाऱ्याचा पानं उडवणारा ब्लोअर घरघरत होता.

"तुम्ही दोघं मिळून काय लपवताय माझ्यापासून?"

"काकू, नको," शंतनू म्हणाला. पण काकूंनी ओट्यावरचा फोन आणलाच होता.

"खंडेनवमीला याने फोटो काढला होता. आईला पाठवायला. मलाही पाठवलान. काल तुम्ही रेघेबद्दल सारखे पुटपुटत होतात ना, तेव्हा मी उघडून बघितला. याला रात्रीच मेसेज केला, विचारलं, आठवतंय का म्हणून."

फोटोत पाट होता. पाटावर लाल कापड, त्यावर झेंडूची फुलं, आणि फुलांमध्ये डाय. मागे प्रेसचं तोंड रिकामं. डायची रिंग वेगळी काढलेली होती आणि ती एका हातात होती, फडक्याने पुसली जात असलेली. हाताच्या अंगठ्याचं नख काळंनिळं. हात काकांचा होता.

"भोसरीत सगळ्या डाय उतरवून धुवून पाटावर ठेवायचे, असं तुम्हीच सांगत होतात," शंतनू खाली पाहत म्हणाला. "मी विचारलं, काका, सेटिंगचं काय? तुम्ही म्हणालात, आज हत्याराला कामाला लावायचं नाही, दसरा झाला की बघू."

काकांनी फोटो मोठा केला, लहान केला. आठवायला काहीतरी हवं होतं: फडक्याचा वास, रिंगेचा थंडपणा, स्वतःचं वाक्य. काहीच येईना. ते चित्र कुणा परक्याच्या घरातलं असावं तसं दिसत होतं. डाय परत कुणी बसवली, कधी बसवली, रेघ तपासली का, काही नाही. सगळ्यांवर संशय घेतलेल्या माणसाने एका माणसाची झडती कधीच घेतली नव्हती.

"आणि तू मुकाट आळ घेत होतास," ते शंतनूला म्हणाले.

"तुम्ही कोड बदलला असता तर मी काकूंकडून नवा घेतला असता," शंतनू म्हणाला. हसायचा प्रयत्न केला त्याने, जमला नाही.

"पोहे गार झाले," काकू म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावायला आत गेल्या. पदर नव्हता, स्वेटरची बाही होती.

काका खुर्चीत बसले. आता त्यांना रेघेची भीती वाटत नव्हती. डाय चुकली तर बोल्ट अडतो, ओरडून सांगतो. काडतुसातली पावडर चुकून दुप्पट पडली तर रायफल फुटेपर्यंत ती काही सांगत नाही. मंगळवारी त्यांनी साठ मापं पावडर भरली होती. भरली होती ना? एकेकदाच?

"गोळ्या उपसायचा पुलर काढ," ते म्हणाले. "सगळी फोडायची."

दुपारपर्यंत दोघं बसले. काका एकेक काडतूस उघडत, गोळी वेगळी करत. शंतनू पावडर काट्यावर ओतून आकडा मोठ्याने वाचे. काका प्रत्येक आकड्याला मान वर करून विचारत, "काट्याचं शून्य बघितलंस?" आणि शंतनू प्रत्येक वेळी न चिडता दाखवी. तिसाव्याला काकूंनी पोहे गरम करून आणले. साठाव्याला शंतनूने काटा बंद केला.

"काका, सगळी बरोबर. एक ना एक."

"साठ बरोबर निघाली म्हणून एकसष्टावं बरोबर असेल, असं नाही."

ते उठले, पावडरच्या कपाटाची किल्ली जुडग्यातून काढू लागले. कडी घट्ट होती, काळ्यानिळ्या नखाने उघडेना. शंतनूने मदतीला हात पुढे केला नाही. काकांना ती स्वतःच काढायची आहे, हे त्याला कळत होतं. अखेर किल्ली निघाली. ती त्यांनी शंतनूच्या हातात ठेवली.

"डाय मीच बसवणार," काका म्हणाले. "ते मला अजून येतं. पण पहिली पुंगळी तू मोजायचीस, आणि पावडर तू भरायचीस. मी नुसता बघणार."

"ओके."

"आणि संध्या, त्या डॉक्टरांचं काय ते विचार. मेंदूच्या. उद्याच."

काकूंनी मान हलवली.

शंतनूने किल्ली खिशात टाकली. काकांची नजर किल्लीबरोबर खिशापर्यंत गेली.

"कुठे ठेवणार आहेस ती?"

"सांगणार नाही तुम्हाला, काका," शंतनू म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, खूप वेळ, जणू कॅलिपर लावून.

"बरोबर," ते म्हणाले.