आधारची झेरॉक्स काळी आलीय

किस्से जमवायला म्हणून आम्ही कधी कुठे गेलो नाही. पालघरला कोर्टाच्या मागच्या गल्लीत आमचं ऑफिस, म्हणजे दोन खोल्या आणि बाहेर एक बाकडं. जमिनीच्या कामाला माणसं येतात, चपला दाराशी काढतात, भांडण मात्र आत घेऊन येतात. काम झालं की चपला घालून निघून जातात आणि किस्सा आमच्याकडेच राहतो. आता इतके साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मधे घुसतो.

ऑफिसात आम्ही तिघं. नाना, म्हणजे आमचे सीनियर वकील, तोंडाने महाफटकळ. मी त्यांची ज्युनियर. केसांना डाय लावायला लागले तरी ज्युनियरच. आणि टायपिंगला कुंदाताई.

कुंदाताई इथल्याच, पालघरजवळच्या माहीमची. नवऱ्याने टाकल्यावर बापाकडे परत आली ती वाडीच्या कडेच्या एका खोलीत राहिली. बापाचं शेवटपर्यंत तिनेच केलं. बाप गेला आणि दोन्ही भावांना ती नारळाची वाडी विकायची घाई सुटली. एक बोईसरला, एक विरारला, वाडीत राहायचंय कोणाला? रिसॉर्टवाली पार्टी तयार होती. अडलं होतं फक्त कुंदाताईच्या सहीवर, कारण कायद्याने तिचा हिस्सा भावांइतकाच. सही दिली की खोली गेली, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती सही देत नव्हती. आणि तिचं हे घोंगडं भिजत असताना बाकीच्यांची कामं आमच्याकडे येतच होती.

\* \* \*

बोईसरला कारखान्यात शिफ्ट करणारे एक पाटील होते, मूळचे जळगावकडचे. पीएफ काढून फ्लॅट घेतलेला. सोसायटी करायची म्हणून कागद घेऊन आले, तेव्हा एकेक उलगडत गेलं. बिल्डिंगखालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. गच्ची त्याने मोबाईलच्या टॉवरला दिलेली. पार्किंगला पत्रे ठोकून गाळे काढलेले.

पाटलांनी घाम पुसला. "मॅडम, म्हणजे माझं नक्की काय आहे?"

मी शब्द शोधत होते, तेवढ्यात नाना पलीकडच्या खोलीतून म्हणाले, "चार भिंतींच्या मधली हवा."

"वकीलसाहेब," पाटील म्हणाले, "एकदा बोईसरला राहायला या. तिथे हवासुद्धा कंपनीचीच असते."

आम्ही तिघंही हसलो. पाटील हसले नाहीत, कागद गोळा करून सेकंड शिफ्टला गेले.

\* \* \*

शिरगावच्या दोन सख्ख्या भावांचं वाटणीपत्र नानांनी केलं होतं. वरचा मजला थोरल्याला, खालचा मजला आणि जिना धाकट्याला. नाना म्हणाले, थोरल्याला जिन्यावरून जायचा-यायचा हक्क आहे, एवढी एक ओळ घालून घ्या. तर दोघांनाही राग आला. "आम्ही काय जिन्यावरून भांडणार?"

वर्षाच्या आत जिन्यावरूनच भांडले. धाकट्याने जिना बंद केला. थोरल्याने बाहेरून गॅलरीला लोखंडी शिडी लावली आणि सगळं बिऱ्हाड त्या शिडीवरून ये-जा करायला लागलं.

बाप वरती थोरल्याकडे असायचा. तो वारला. शिडीवरून तिरडी उतरवणार कशी? नाना अंत्ययात्रेला गेले होते, त्यांच्यासमोरच झालं हे. धाकटा जिन्यात उभा, अगदी ढसाढसा रडत होता. म्हणाला, "अण्णांना आणा की खाली, त्यांना कोण नाही म्हणतंय? पण त्याने माझ्या जिन्यावर पाय ठेवायचा नाही."

मग गावच्या चौघांनी अण्णांना जिन्याने खाली आणलं. थोरला शिडीने उतरला, घराला वळसा घालून आला आणि जिन्याच्या पायथ्याशी त्याने बापाला खांदा दिला.

"माझ्या कुठल्याही दस्ताची इतकी तंतोतंत अंमलबजावणी झालेली मी पाहिली नाही," असं नाना ऑफिसात येऊन म्हणाले.

कुंदाताईने कीबोर्डवरची मान वर केली नाही. "आमच्याकडे बरंय," ती म्हणाली, "जिनाच नाही."

\* \* \*

मनोरच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथला जान्या. बापापासून डोंगरउतारावर नाचणी करत आले, पण जमीन वनखात्याची. नाव लागावं म्हणून अर्ज, सुनावण्या, पुन्हा अर्ज. शेवटी एकदाचा वनपट्टा मिळाला. जान्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला.

नानांनी त्याला नीट समजावलं. ही जमीन विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही, तुझ्यामागे पोरांना मिळेल.

"इकायची कोनाला हाय?" जान्या म्हणाला. "कसायची हाय."

त्याच सालच्या पावसाआधी तो परत आला. हातात नोटीस. कसला तरी मोठा रस्ता जाणार होता, बरोब्बर त्याच्या तुकड्यातून. मी वाचून दाखवली. ऐकून घेतलं त्याने शांतपणे.

"साहेब, बापाच्या टायमापासून नाव लावा म्हनून फिरलो. कोनी लावला नाय. आता समजला, का लावला ते."

"का रे?" नानांनी विचारलं.

"नोटीस कोनाच्या नावान काढली असती?"

नानांनी नोटीस माझ्याकडून घेतली आणि स्वतः पहिल्यापासून वाचली. पेढ्यांचा तो रिकामा बॉक्स आमच्याकडे अजून आहे, आम्ही त्यात टाचण्या ठेवतो.

\* \* \*

आता बहिणींचं. हे काम आमच्याकडे सगळ्यात जास्त. बाप गेला की भाऊ बहिणींना घेऊन येतात, बहीण आपला हिस्सा भावांना सोडते, त्याचं हक्कसोडपत्र करायचं. एका हातात आधार कार्ड, दुसऱ्या हातात साडीची पिशवी. सही झाली की साडी, मग स्टेशनजवळ जेवण, की झाली बहीण मोकळी. दस्तात एक वाक्य ठरलेलं असतं, "मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे." कुंदाताईच्या कॉम्प्युटरवर ते तयारच आहे.

पण तिची एक पद्धत होती. प्रिंट काढायच्या आधी ती भावांना सांगायची, "आधारची झेरॉक्स काळी आलीय. समोरून परत काढून आणा." झेरॉक्स चांगली असायची. भाऊ रस्ता ओलांडून गेले की ती बहिणीकडे खुर्ची वळवायची. "बाई, मनापासून करतेयस का? नसेल तर आत्ता सांग. मी प्रिंटर बिघडवते."

सगळ्या हो म्हणायच्या. एकीलाही प्रिंटर बिघडवून नको होता.

एकच चिंचणीची बाई जरा थांबली. मासळी विकणारी, आवाज खणखणीत. तिने कुंदाताईला सोडून नानांनाच गाठलं. "वकीलसाहेब, मी सही केली नाय तर काय?"

"तर तुम्ही मालकीण."

"आनि केली तर?"

नाना फटकळच. "तर बहीण."

भाऊ ठेवून गेलेल्या पिशवीतली साडी बाईने जरा वर काढून बघितली. "दोनी नाय होता येत?"

भाऊ झेरॉक्स घेऊन आत आले. तिने सही केली.

\* \* \*

कुंदाताईच्या भावांनी आवाज चढवला नाही की धमकी दिली नाही. भाऊबीजेला ती ताट करून संध्याकाळपर्यंत बसली, कोणी आलं नाही. मग थोरल्याच्या मुलीचं लग्न ठरलं. ही मुलगी लहानपणी सगळ्या सुट्ट्या आत्याच्या खोलीत काढायची. पत्रिका माहीमला घरोघर वाटल्या, वाडीच्या कडेच्या खोलीत तेवढी आली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन तिने कॉम्प्युटर लावला आणि स्वतःचं हक्कसोडपत्र टाईप करायला घेतलं.

नाना भडकले. निदान हयातभर खोलीत राहायचा हक्क तरी लिहून घे म्हणाले. त्यांनी थोरल्याला फोन लावला. तो म्हणाला, "घरातल्या गोष्टी कागदावर कशाला? तिची खोली कुठे जातेय?" अख्खी वाडी विकायला काढलेला माणूस हे म्हणत होता! मला तर फोन हिसकावून घ्यावासा वाटला.

भाऊ आले. साडीची पिशवी होती, पत्रिकाही होती. आत्याचं नाव छापायचं राहिलेलं, पेनाने घातलं होतं.

मला दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, "आधारची झेरॉक्स काळी आलीय. समोरून परत काढून आणा."

भाऊ उठायला लागले, तशी कुंदाताई म्हणाली, "बसा रे. झेरॉक्स मी काढलीय. स्वच्छ आहे."

आम्ही रजिस्ट्रारसमोर गेलो. ते साहेब कुंदाताईला ओळखत होते, रोजची ये-जा. तरी विचारावं लागतंच.

"दस्त वाचलात?"

"मीच टाईप केलाय."

"राजीखुशीने सही करताय?"

"तेही मीच टाईप केलंय."

साहेबांनी चष्मा काढला. "ताई, ते नाही विचारलं मी. खुशीने करताय ना?"

थोरला घड्याळाकडे बघत होता. धाकट्याने साडीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"साहेब," कुंदाताई म्हणाली, "तुम्ही रोज बायकांना हे विचारता. कोणी कधी नाही म्हणाली?"

साहेबांनी आठवून बघितलं. "नाही."

"मग माझंही तेच लिहा," असं म्हणून तिने मशीनवर अंगठा ठेवला.