हरलेल्यांना पाणी

पाणीवाले मामांनी आयुष्यात एकही फुटबॉलचा सामना पाहिला नव्हता. पण मुंबईच्या मोठ्या कप-स्पर्धेत कोण हरलं, हे त्यांना नेमकं माहीत असे. देशभरातले संघ तिथे येत. स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे हरला तो घरी. कलकत्त्याकडचे संघ घरी जाताना नागपूर स्टेशनवर थांबत, आणि तिथल्या फलाटावर प्रवाशांना पाणी पाजणं ही मामांची नोकरी होती. मला लिहिण्याची सवय नाही. पण मामांबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून लिहितो.

मामा आमच्याच वस्तीतले. छप्पन साली आमच्या घरच्यांबरोबर त्यांनीही दीक्षा घेतली होती. काही प्रवासी पाणी घेण्याआधी आडनाव विचारत. मामा आडनाव सांगत, आणि समोरचा विचारात पडला की बादली पुढच्या खिडकीकडे नेत. "त्याले अजून तहान लागली नाही," म्हणत.

हरलेला संघ ते लांबूनच ओळखत. "जितलेले दारात उभे राह्यतेत. हारलेले खिडकीले डोकं टेकवून बसतेत." अशा खिडकीशी ते आधी जात. कितीने हरलात, हे मात्र कधी विचारत नसत. "हारलेल्याले आकडा इचारू नये गा. त्याले तो पाठच असते." चहावाला त्यांना चिडवायचा, "मामा, कभी जीतनेवाले को भी पिला दो." मामा म्हणत, "बारातले अकरा हारूनच येतेत. मंग सोय अकराची पाह्यची का एकाची?" अकराही संघ नागपूरवरून जात नाहीत, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला. मामा हे फलाटावर सगळ्यांना सांगत, कोणी विचारलं नसलं तरी. सहामाहीत मी इंग्रजीत नापास झालो होतो आणि कॉलेज सोडायचं मनाशी ठरवलं होतं. घरी बोललो नव्हतो. त्याच आठवड्यात मामांना पहिल्या वर्गाच्या डब्यात कोणीतरी टाकलेला इंग्रजी पेपर सापडला. चहाच्या ठेल्यापाशी, तिकीट तपासनिसांसमोर, त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"वाच गा कॉलेजवाल्या. आपल्या संघाचं काय झालं?"

आपला संघ म्हणजे कलकत्त्याचा एक संघ. त्याच्या गोलकीपरने एकदा मामांना 'दादा' म्हटलं होतं, तेव्हापासून तो आपला. या संघाला पहिल्या फेरीत 'बाय' मिळाली, असं छापलं होतं. हा शब्द मला येत होता. वर्गातल्या, धंतोलीच्या बंगल्यांतल्या मुली घरी जाताना एकमेकींना तोच म्हणत.

"निरोप घेतला मामा," मी म्हणालो. "पहिल्याच फेरीत."

मामांनी डोक्यावरची टोपी काढली. पुढचा आठवडाभर ते मुंबईहून येणाऱ्या गाडीला बादलीबरोबर संत्र्यांची पिशवी घेऊन उभे राहिले. पहिल्याच फेरीत हरलेल्यांना नुसतं पाणी पुरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. संघ काही आला नाही. "लाजून दुसऱ्या गाडीनं गेले असन," मामा म्हणाले.

मग एक दिवस तिकीट तपासनीस ताजा पेपर घेऊन आले. आपला संघ उपांत्य फेरीत पोचला होता.

"काहून गा," तपासनीस मला म्हणाले, "कॉलेजात हेच शिकवून राहिले का?"

चहावाला हसला. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो.

"त्यानं बरोबर वाचलं जी," मामा म्हणाले. "मीच उलटं ऐकलं. म्हातारा झालो." मामा तेव्हा पंचेचाळीसचेही नव्हते, आणि त्यांना दोन फलाटांपलीकडची शिट्टी ऐकू येत असे.

मी लायब्ररीत जाऊन शब्दकोश पाहिला आणि त्यांना खरा अर्थ सांगितला. बाय म्हणजे पहिली फेरी न खेळताच दुसऱ्या फेरीत जायला मिळणं. मामांनी बादली खाली ठेवली.

"न खेळता? मंग पहिली फेरी त्याहिच्या बापानं खेळून ठेवली असन."

तेव्हाच मी नापास झाल्याचंही सांगून टाकलं, आणि कॉलेज सोडतो आहे हेही. किती मार्क पडले, हे त्यांनी विचारलं नाही.

"तुया बाप कॉलेजात गेला होता का? मंग तुले कुठची बाय? तुले पहिल्या फेरीपासूनच खेळा लागन. अन् परीक्षा काही बाद फेरीची नाही. हारला त मार्चात फिरून खेळ." मग त्यांनी मला एक संत्रं सोलून दिलं. संत्री तशीही संपवायची होती.

आपला संघ अंतिम सामना हरला, आणि नागपूरचं पाणी पिऊनच गेला.

वार्षिक निकाल लागला त्या दिवशी मी धावतच फलाटावर गेलो. उन्हाने तोंडून शब्द फुटेना. मामांनी माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता पेला भरून दिला. मी तो संपवला आणि म्हणालो, "मामा, पास झालो."

"मंग तू पाणी काहून पेला?" मामा म्हणाले.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. या हिवाळ्यात मामांना धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती केलं. मी गेलो तेव्हा डॉक्टर नुकतेच मामींशी बोलून गेले होते, आणि मामी दाराबाहेर तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. आत मामा खाटेवर, खिडकीला डोकं टेकवून बसले होते. मी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून त्यांना दिलं. ते दोन घोट प्याले.

"काहून गा," थोड्या वेळाने ते म्हणाले, "डॉक्टर काय म्हणते, ते नाही इचारलं?"

"नाही मामा."

त्यांनी पेला माझ्या हातात परत दिला.

"शिकला," ते म्हणाले.