खांद्यावरचा हात

मेलेल्या माणसांची, त्यातही चीनमधल्या मेलेल्या माणसांची, आमच्या धाकट्या भावजींइतकी काळजी वाहणारा प्राणी अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात झाला नाही आणि पुढेही व्हायचा नाही. इथली पोरं स्पर्धा परीक्षा देतात, लिंबं लावतात, नाहीतर शुगर फॅक्टरीत चिकटतात. भावजींनी पीएचडीला विषय घेतला तो चिनी कम्युनिस्ट पक्षातून नाहीशा केलेल्या पुढाऱ्यांचा. नाहीसे म्हणजे कसे, तर आज व्यासपीठावर टाळ्या वाजवत उभा असलेला माणूस मर्जीतून उतरला, की त्याच फोटोच्या नव्या प्रतीत त्याच्या जागी नुसती भिंत. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी ओळख करून दिली, "ह्यो आमचा धाकला. चीनचं शिकतोय. तू त्याच्याकडं लई ध्यान देऊ नको."

ध्यान देऊ नको म्हणे! ग्रुप फोटोत कडेला उभं राहायचं नाही हा भावजींचा पहिला नियम. "वहिनी, आत सरका. कात्री नेहमी कडेनं सुरू होते." चुलत दिराच्या लग्नात त्यांनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की सगळं वऱ्हाड आत सरकलं आणि फोटोत नवरदेवाचा नुसता फेटा आला. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स तर ते पोथीसारखा वाचत. कुणाचं डोकं मोठं छापलंय, कुणाचं लहान, साहेबांच्या कानाजवळचा कोण घसरून खाली शुभेच्छुकांत गेलाय. एकदा दूध आणायला गेले ते परत येऊन म्हणाले, "त्या संचालकांचं काही खरं नाही. फ्लेक्सवर खांदे कापलेत त्यांचे." आठवडाभरात त्यांचं पद गेलं. तेव्हापासून ते गृहस्थ आमच्या दारावरून जाताना गाडीची काच वर करून घेतात.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं हो, पण त्यांच्या टेबलासमोर तो एक फोटो होता. ओळीत उभे पाच-सहा चिनी पुढारी, जाड कोट घातलेले. त्यातल्या एकाच्या शेजारी मोकळी जागा आणि त्याच्या खांद्यावर एक हात. नुसता हात! बाकीचा माणूस पुसून टाकलेला. पुसणाऱ्याला बहुधा घाई होती, भिंतीतून आलेली चार बोटं तेवढी राहून गेली. भावजी त्याला 'हातवाला' म्हणत. खोलीतली दुसरी खुर्ची त्याची, त्यावर कपड्यांची घडीसुद्धा ठेवायची नाही. मी झाडायला गेले की आपोआप पदर खांद्यावर ओढून घ्यायची. का, ते विचारू नका.

हातवाल्यावर भावजींनी एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. तो कोण असेल, कशानं गेला असेल, त्याच्या मागं कोण उरलं असेल. गाईड म्हणाले, "नाव नाही, मृत्यूची तारीख नाही, मग प्रकरण कसलं? काढून टाका, नाहीतर मी सही करणार नाही." भावजी घरी आले ते पांढरेफटक. जेवले नाहीत. म्हणाले, "वहिनी, त्याला एकदा पुसलाच होता. आता दुसऱ्यांदा मी पुसू?"

भाद्रपदातली सर्वपित्री अमावस्या जवळ आली होती. ज्यांची तिथी ठाऊक नाही अशांना त्या दिवशी घास. भावजी दर वर्षी आमच्या पितरांच्या पानांशेजारी गच्चीवर एक पान हातवाल्याचं ठेवत. "चिन्याला आपली गवारीची भाजी पचंल का रं?" असं सासूबाई विचारत. पण दर वर्षी एकच व्हायचं. कावळे आमची पानं साफ करायचे आणि त्याच्या पानाला वळसा घालून जायचे. संध्याकाळी उचलायला जावं तर त्याला मुंगीसुद्धा लागलेली नसे. माझ्या अंगावर काटा यायचा.

यंदा अमावस्येच्या आदल्या दिवशी भावजी पुढच्या खोलीत भिंतीवरच्या फोटोखाली उभे राहिले. फोटो आमच्याच घरातला. तरण्या सासूबाई खुर्चीत बसलेल्या, आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा एक हात. मनगटाशी फोटो संपतो. मी लग्न झाल्यापासून तो पुसत आले आणि एकदाही मनात आलं नाही.

"आई, हा हात कुणाचा गं?"

"कुनाचा न्हाई," म्हणून सासूबाईंनी उजवा खांदा दाबला. तो खांदा मी आल्यापासून दुखतोच आहे. एक्स-रेत काही दिसत नाही, डॉक्टर वात म्हणतात, मी रोज बाम चोळते.

दुसऱ्या दिवशी बाराच्या उन्हात सासूबाई स्वतः गच्चीवर आल्या. हातात आणखी एक पान. "फोटूतला त्यो हात सुशीचा," त्या म्हणाल्या. मग खाली बसून सांगितलं. सुशी म्हणजे त्यांची नणंद. नगरच्या एका ख्रिस्ती मास्तराशी लग्न करून गेली. आजेसासऱ्यांनी फोटोला कात्री लावली. हात कापायचा तर सुनेचा खांदा कापला गेला असता, म्हणून तेवढा राहिला. पुन्हा तिचं नाव कुणी घेतलं नाही. "जिती हाय का मेली, कुनाला ठावं. मेली आसंल तर उपाशी नगं ऱ्हायला."

वारा अजिबात नव्हता. कावळे उतरले, आमची पानं संपवली. मग एक थोराड कावळा टाकीवरून खाली आला आणि उड्या मारत सरळ सुशीच्या पानापाशी गेला. त्यानं मान वाकडी केली, चोच खाली नेली, आणि सासूबाई ताडकन उठल्या. पापड राखायची काठी उचलून धावल्या, "हाड! हाड मुडद्या! शिवू नगं! जा म्हनते ना!"

कावळा उडाला. सासूबाई काठी धरून धापा टाकत उभ्या. "न्हाई शिवला," त्या म्हणाल्या. "बघितलं न्हवं? म्हंजी हाय सुशी. कुटंतरी हाय."

मला हसू फुटलं आणि मी भावजींकडं पाहिलं. ते रडत होते. समोर दोन पानं तशीच, सुशीआत्यांचं आणि हातवाल्याचं. "वहिनी, इतकी वर्षं मी कावळ्याला विनवण्या करत होतो, शिव म्हणून. हाकलायचं सुचलंच नाही मला."

प्रकरण त्यांनी काढलं नाही. गाईडनी अजून सही केलेली नाही. भावजी आता दिल्लीत कुठं तरी शिकवतात, आणि त्यांच्या खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीवर मी अजून कपडे ठेवत नाही. घर फार शांत झालंय हो. रविवारी फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "आईचा खांदा?"

"दुखतोय."

"दुखतोय ना? मग ठीक. हात आहे म्हणजे अजून," म्हणून ते सुटकेचा श्वास टाकतात. आईच्या दुखण्यानं सुखावणारा असा मुलगा दुसरा नसेल.

परवाच्या रविवारी मी बाम घेऊन बसले, तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "आज ऱ्हाऊ दे गं. आज काई दुखत न्हाई." मी खांद्याला हात लावला. गार होता. तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी, खांदा?"

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या.

"दुखतोय भावजी," मी म्हटलं. "लई दुखतोय."

सासूबाईंनी पदर बाजूला केला आणि बाम लावायला खांदा पुढं केला.