खव्याचे लाडू

‘ह्यात अंडं-बिंडं नाय ना हो?’ लाडू हातात धरून निफाडच्या आजींनी विचारलं. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

मी म्हणाले, ‘छे हो. खव्याचे आहेत.’

त्यांनी खाल्ला. दुसरा मागून घेतला.

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही.

माझ्या नातीला, पल्लवीला, बघायला पाहुणे यायचे होते. पोरीला केक छान येतो, असं सुनेने फोनवर सांगून ठेवलेलं. मुलाची आई म्हणाली, मग केकच खाऊ. त्यांच्याबरोबर मुलाची आजी येणार, त्या माळकरी — हे कुणालाच माहीत नव्हतं. पल्लवीने केक ओव्हनमध्ये ठेवला आणि साडी नेसायला गेली. जाताना मला बजावलं, आजी, ओव्हनचं दार उघडू नकोस.

मी उघडलं. जन्मभर भाकरी डोळ्यांसमोर भाजली — आत काय चाललंय ते बघायचंच नाही, हे मला पटेना. नुसतं उघडलं नाही, वर बोटाने दाबून पाहिलं. केक मधोमध खाली बसला.

पाहुणे आडगावपर्यंत आल्याचा फोन आला. मी मधला कच्चा भाग काढला, बाकीचा कुस्करला. फ्रिजमध्ये खवा होता, तो परतून त्यात घातला. वेलची, तूप घातलं आणि लाडू वळले. सुनेला सांगितलं, पोरीचा केक बिघडला, टाकून दिला. बघा — तिथेही दोष पोरीवरच ढकलला.

पल्लवीने एक चाखला आणि ओळखलं. ताट घेऊन बाहेर गेली. मुलाच्या आईने माझ्या हाताची तारीफ केली, आणि मला ती गोड लागली.

मग आजींनी विचारलं.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्यांनी लाडू खाली ठेवला असता, पोहे खाल्ले असते. अंड्यावरून आमच्यात सोयरीक मोडत नाही. मला भीती लग्नाची नव्हती. मी ओव्हन उघडला हे कळेल, याची होती. एवढीच.

पल्लवीने तोंड उघडलं होतं. मी म्हणाले, ‘जा गं, चहा बघ.’ ती गेली.

लग्न झालं. त्या घरी प्रत्येक सणाला आजी म्हणायच्या, तुझ्या आजीसारखे लाडू कर. एका दिवाळीला मी तिथे होते. पल्लवीने बिनअंड्याचा केक केला — उंच, हलका, कुठे भेग नाही. थाळीत काढला आणि दोन्ही हातांनी कुस्करायला लागली. तशीच चव यायला हवी ना. मी दारात उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी काय केलं? ताटलीतला खवा मोकळा करून दिला.

आजी गेल्या वर्षी गेल्या. माळ गळ्यात होती. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पल्लवी आहे. मी आहे.